चेहरे गेले, पवित्रे उरले

लेणी पाहायला गेलेला माणूस आधी चेहरा शोधतो. अजिंठ्याच्या पद्मपाणीच्या झुकलेल्या पापण्या आणि घारापुरीच्या महेशमूर्तीचे मिटलेले ओठ, एवढेच पुष्कळांच्या लक्षात राहते. खरोशाला ही सवय कामाची नाही. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात खरोसा हे गाव आहे, गावाजवळ टेकडी आहे आणि टेकडीच्या अंगात डझनभर लेणी. भिंतींवर शिव-पार्वती आहेत, नरसिंह आहे, कार्तिकेय आहे, रावण आहे, लढाया आहेत. नाही ते फक्त चेहरे. कुठे नाकाचा उंचवटा तेवढा शिल्लक आहे, कुठे डोळ्यांच्या जागी दोन खळगे आहेत, आणि ते खळगे छिन्नीचे की दगडाचे स्वतःचे हे सांगणे अवघड आहे.

तरी ही भिंत वाचता येते. मी तर म्हणेन, चेहरे गेल्यामुळेच ती एका वेगळ्या रीतीने वाचता येते. शरीर काय करते आहे, वजन कोणत्या पायावर आहे, कोण कुणाच्या वर आहे आणि कोण खाली, हे इथे आधी दिसते. देवाची ओळख पटायला मुकुट आणि आयुधे लागतात, असे मूर्तिशास्त्राची पुस्तके शिकवतात. खरोशात आयुधेही पुष्कळशी झिजली आहेत. उरला आहे तो पवित्रा.

लातूरहून खरोसा साधारण पंचेचाळीस किलोमीटर. औशाहून निलंग्याकडे निघाले की दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर, हरभरा घेणारी काळी रानं लागतात आणि त्या काळ्यातून मध्येच एखादा माळ तांबडा उठतो. खरोशाची टेकडी त्या तांबड्यातली. कोकणात ज्याला जांभा म्हणतात त्याच कुळीचा हा दगड, इथून पुढे बीदरच्या पठारापर्यंत गेलेला. बीदरच्या किल्ल्याचे तट याच दगडाचे. काळ्या बेसाल्टाची लाखो वर्षे झीज होऊन, त्यातले विरघळणारे सगळे वाहून जाऊन, मागे उरलेले लोखंड आणि ॲल्युमिनियम म्हणजे हा दगड. ताजा असताना छिन्नीला मऊ लागतो, हवा लागली की कठीण होतो. पण त्याच्या अंगभर भोके असतात. मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यासारखा तो आतून पोखरलेला दिसतो. नांदेड जिल्ह्यात देगलूरजवळच्या होट्टलला सिद्धेश्वराच्या देवळावरच्या सुरसुंदरींचे दागिने आजही डोळ्यांनी मोजता येतात. खरोशाच्या दगडात नखाएवढा दागिना कोरायला घ्यावा तर तेवढ्या जागेत दगडालाच आधीपासून दोन भोके पडलेली.

म्हणजे ज्या कारागिरांनी ही टेकडी निवडली त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार की इथे बारीक काम टिकायचे नाही. मग त्यांनी काय केले, हा खरोशाचा खरा प्रश्न आहे.

लेण्यांचा काळ सर्वसाधारणपणे सहावे ते आठवे शतक असा सांगतात. एवढा मोठा पट्टा सांगावा लागतो त्यालाही पुन्हा दगडच कारण आहे. शैलीवरून काळ ठरवायचा तर मुकुटाची घडण, कंठ्याचे पदर, वस्त्राच्या चुण्या पाहाव्या लागतात आणि इथे तेच गेले आहे. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात निजामाच्या मुलखातल्या या भागाची पाहणी केली आणि १८७८ मध्ये अहवाल छापला. त्यातही खरोसा आहे. म्हणजे दीडशे वर्षे हे ठिकाण अभ्यासकांच्या नकाशावर आहे. पर्यटकांच्या नकाशावर येताना मात्र ते ‘मराठवाड्याचे दुसरे वेरूळ’ अशा बिरुदाखाली येते. या बिरुदाने खरोशाचे नुकसानच केले आहे. वेरूळ डोक्यात घेऊन आलेला माणूस दहा मिनिटांत निराश होतो आणि टेकडीवरच्या रेणुकादेवीचे दर्शन घेऊन खाली उतरतो.

आत शिरल्यावर सुरुवातीला काहीच दिसत नाही. अंधाराला डोळे सरावतात, पण तेवढ्याने भागत नाही, कारण भिंत आणि आकृती एकाच तांबड्या रंगाची, एकाच खडबडीत पोताची. उजेड फक्त समोरून येतो. तो ज्या भिंतीवरून घासत जातो तिथे आधी एक गुडघा वेगळा होतो. मग त्या गुडघ्याला मांडी जोडली जाते, मांडीला कंबर, आणि कंबर एका बाजूला झुकलेली आहे हे ध्यानात आल्यावर वर कुठे तरी हात असणार म्हणून नजर तिकडे जाते. हात असतोच. ही उलटी वाट आहे. नेहमी आपण चेहऱ्याकडून पायांकडे येतो, इथे पायांकडून चेहऱ्याकडे जातो आणि चेहऱ्याच्या जागी पोचलो की थांबतो.

रावणाचा कैलास यासाठी सगळ्यांत आधी पाहावा. गोष्ट सांगायला नको. लंकेच्या राजाने गर्वाने कैलास उपटायला घेतला, वर बसलेल्या शिवाने पायाच्या अंगठ्याने डोंगर दाबला आणि रावण खाली अडकला. वेरूळला हा प्रसंग अनेक लेण्यांत आहे आणि कैलास लेण्यातला तर जगप्रसिद्ध. तिथे रावणाच्या पाठीतली ओढ, वर पार्वतीने शिवाच्या हाताला मारलेली मिठी, मागे पळत सुटलेली दासी, सगळे नाटक भरगच्च आहे. खरोशाच्या रावणाला एवढा संच नाही. पण चित्राची मांडणी तीच आहे आणि तपशील झडल्यामुळे ती उघडी पडली आहे.

ही मांडणी दोन मजल्यांची आहे. खालच्या मजल्यावर नुसती ताकद: पसरलेले हात, दबलेले शरीर, वर ढकलणारा जोर. वरच्या मजल्यावर घर: नवरा-बायको बसलेले, निवांत, कदाचित गप्पा मारत. मध्ये डोंगर. आणि हा डोंगर शिल्पकाराने वेगळा घडवण्याचे फारसे कारणच नाही, कारण ज्यात तो काम करतो आहे तो डोंगरच आहे. देवळाच्या भिंतीवर हाच प्रसंग येतो तेव्हा कैलास हा चिरेबंदी भिंतीतला एक कोरीव ठोकळा असतो. इथे रावण ज्याला खांदा लावतो ते खरोशाच्या टेकडीचेच अंग आहे. त्याने ती उचलली असती तर पाहणाराही वर उचलला गेला असता.

चेहरे नसल्यामुळे एक घोटाळा मात्र होतो. त्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या कुटुंबात तो माझ्यादेखत झाला. सुनेने मुलाला सांगितले, ‘‘हा बघ हनुमान, द्रोणागिरी उचलायलाय.’’ सासूबाई मागून म्हणाल्या, ‘‘हनुमान नव्हं गं बाई, किस्नदेव हाय. गोवर्धन.’’ दोघीही चूक होत्या, पण दोघींची चूक फार योग्य जागची होती. आपल्या कथांत डोंगर उचलणारे तिघे आहेत आणि चेहरा, मुकुट, शेपूट काढून घेतले तर तिघांत फरक कसा करायचा? पवित्र्यावरून करायचा. हनुमान डोंगर घेऊन निघालेला असतो, त्याचे पाय जमिनीवर नसतात. कृष्ण सरळ उभा असतो, एकच हात वर, आणि त्या हातावर ओझे असल्याचे त्याच्या कमरेला कळलेलेसुद्धा नसते. महाबलीपुरमच्या कृष्णमंडपात तो तसा उभा आहे आणि शेजारी गाईची धार निवांत काढणे चालू आहे. रावण वाकलेला असतो, त्याचे सगळे हात कामाला लागलेले असतात. याहून मोठी खूण म्हणजे माणसे कुठे आहेत. गोवर्धनात माणसे डोंगराखाली असतात, कारण उचलणारा त्यांना आसरा देतो आहे. कैलासात माणसे डोंगरावर असतात, कारण उचलणारा त्यांचे घर हलवतो आहे. एवढे पाहिले की चेहऱ्यावाचून निकाल लागतो. मी ते त्या दोघींना सांगितले नाही. सासूबाईंचा सूर ठाम होता आणि मुलगा तोवर पुढच्या लेण्यात पळाला होता.

आता वरच्या मजल्यावरच्या पार्वतीकडे यावे. डोंगर हलला की तिने शिवाकडे झुकायचे, ही या चित्राची परंपरा. संस्कृत कवींना ही कल्पना फार आवडली. रुसलेली पार्वती भीतीने आपणहून बिलगली, म्हणून शिवाने मनातल्या मनात रावणाचे आभार मानले, असे शृंगाराचे चावट अंग त्यांनी तिला दिले. कलेचे अभ्यासकही वेरूळच्या शिल्पाबद्दल बहुधा याच सुरात लिहितात. खरोशाला मला तो सूर लावता येत नाही, आणि त्याचे कारण भिंतीत नाही, तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी जी जमीन हलली तिचे केंद्र किल्लारी आणि किल्लारी याच औसा तालुक्यातले. रात्री गणपती बोळवून दमून झोपलेली गावे. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची धाब्याची जड छते झोपलेल्या माणसांवर आली आणि हजारो माणसे गेली. पन्नासाहून जास्त गावे मूळ जागा सोडून नव्या जागी वसवावी लागली. त्या पट्ट्यात उभे राहून या भिंतीवरची बाई पाहिली की तिचे झुकणे लाडिक वाटत नाही. पायाखालची जमीन जाते तेव्हा शेजारच्या माणसाचा हात धरायचा, ही शरीराची पहिली हालचाल आहे. शिल्पकाराने तेवढीच कोरली आणि दगडाने बाकीचे काढून टाकून तेवढीच ठेवली. तिच्या चेहऱ्यावर काय होते हे आता कळणार नाही. भय असेल, लज्जा असेल, किंवा मूर्तिकाराच्या सवयीप्रमाणे ठरीव मंद स्मितही असेल. ते स्मित गेले याचे मला दुःख नाही.

नरसिंहाच्या बाबतीत हा खेळ आणखी गुंतागुंतीचा होतो. नरसिंहाची ओळखच मुळी चेहऱ्यात. खाली माणूस, वर सिंह. तो चेहरा काढून घेतला तर उरतो एक दणकट पुरुष. तरीही तो नरसिंह आहे हे कळते, कारण दुसरे शरीर त्याच्या ताब्यात आहे. हिरण्यकशिपूला मांडीवर आडवा घेतलेला नरसिंह असो की वेरूळच्या दशावतार लेण्यातल्यासारखा उभ्याने झडप घालणारा, दोन देहांमधली ती पकड इतर कुठल्या देवाची नाही. विष्णू मारतो तेव्हा अंतर ठेवून मारतो, चक्राने, गदेने. नरसिंहाला हात लावावे लागतात, तशी हिरण्यकशिपूला मिळालेल्या वराची अटच होती. म्हणून हे शिल्प जवळिकीचे आहे आणि झिजल्यावर तर ते इतके एकजीव झाले आहे की कुठे देव संपतो आणि कुठे दैत्य सुरू होतो हे बोट ठेवून सांगता येत नाही.

हे मला ओळखीचे वाटले ते कीर्तनामुळे. आपल्याकडचा कीर्तनकार प्रल्हादाचे आख्यान लावतो तेव्हा सिंहाचा मुखवटा चढवत नाही. तोच फेटा, तेच उपरणे. खांब फुटायची वेळ आली की तो गुडघ्यांत वाकतो, दोन्ही पंजे ताणतो, मृदंगावर थाप पडते आणि देवळात बसलेल्या पोरासोरांना सिंह दिसतो. लातूर-नांदेडकडच्या सप्ताहांत ज्यांचे बालपण गेले त्यांना चेहऱ्याविना नरसिंह पाहायची सवय आहे. खरोशाची भिंत कळायला हे शिक्षण मूर्तिशास्त्राच्या पुस्तकाहून जास्त उपयोगी पडते असे माझे मत आहे. जुन्या प्रेक्षकाकडेही ते असणार. शिल्प त्याला गोष्ट सांगत नव्हते, ती त्याला पाठच होती. शिल्प फक्त गोष्टीतला कोणता क्षण चालू आहे ते सांगत होते.

ही रीत सगळीकडे चालत नाही, हेही त्याच भिंती दाखवतात. रामायण-महाभारतातल्या लढायांचे जे देखावे आहेत तिथे मी हरलो. लहान लहान आकृतींची दाटी, एकमेकींवर चढलेल्या, आणि सगळ्यांचा पवित्रा एकच: हात वर, पाय फाकलेला. दोघातिघांच्या चित्रात जो पवित्रा नाव सांगतो तो पन्नास जणांच्या चित्रात मुका होतो. कमानीसारखी एखादी रेघ धनुष्य असेल म्हणून धरायची, गोल दिसला की रथाचे चाक म्हणायचे, आणि वानर कोण, राक्षस कोण हे सोडून द्यायचे. वेरूळच्या कैलासात मंडपाच्या दक्षिण अंगाला रामायण आणि उत्तरेला महाभारत अशा पट्ट्या आहेत. तिथे एका ओळीखाली दुसरी ओळ अशी शिस्त आहे, त्यामुळे लहान आकृतीही जागेवरून ओळखू येते. खरोशाच्या कारागिराने ही दाटी या दगडात का केली? त्याला दगड कळत नव्हता असे म्हणणे धाडसाचे होईल. ज्याने रावण असा मोकळा बसवला तो माणूस लढाईत एवढा बेफिकीर होणार नाही.

माझा तर्क असा की दगड त्याच्या दृष्टीने काम संपायची जागा नव्हती. वेरूळच्या कैलासावर गिलाव्याचे आणि रंगाचे तुकडे आजही आहेत, त्याला रंगमहाल म्हणत ते उगाच नाही. बेसाल्टासारख्या गुळगुळीत दगडालाही जिथे गिलावा चढवून रंग दिला, तिथे भोकांनी भरलेला हा तांबडा दगड उघडा ठेवला असेल हे पटत नाही. भोके चुन्याने बुजवायची, अंगावर पातळ थर द्यायचा, त्यावर डोळे, मिश्या, दागिने, वस्त्रांचे काठ रंगवायचे. लढाईतले वानर एका रंगाचे आणि राक्षस दुसऱ्या रंगाचे असले की दाटीतूनही दोन सैन्ये वेगळी दिसणार. तसे असेल तर आज आपण पाहतो ते शिल्प नसून शिल्पाचा सांगाडा आहे. वर एक चित्र होते, ते पावसाने आणि ओलीने पुसले.

भिंतीवरून चित्र पुसले जाणे ही गोष्ट जगात अनेक रीतींनी घडली आहे. इंग्लंडच्या खेडोपाडीच्या जुन्या चर्चमध्ये मध्ययुगात भिंतभर चित्रे असत, कारण प्रार्थना लॅटिनमध्ये आणि शेतकऱ्याला लॅटिन येत नसे. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत ती चुन्याखाली गेली. आणि चुन्यानेच त्यांतली कित्येक जपली. सरे परगण्यात चाल्डन नावाच्या खेड्यातल्या चर्चमध्ये १२०० च्या सुमाराचे एक चित्र १८७० च्या सुमारास चुना खरवडताना वर आले. नरकातून स्वर्गाकडे गेलेली एक मोठी शिडी, तिच्यावर चढणारे आणि घसरणारे जीव. गेरू आणि पिवळी माती एवढेच रंग. तिथेही माणसे नुसत्या पवित्र्यांची आहेत, कोण चढतो आहे आणि कोण पडतो आहे एवढे कळते आणि चित्राला तेवढेच सांगायचे आहे. अशा चर्चमध्ये दारासमोरच्या भिंतीवर बहुधा सेंट ख्रिस्तोफर असतो, नदी ओलांडणारा, हातात काठी, खांद्यावर बाळ. त्याचे दर्शन झाले की त्या दिवशी अवचित मरण येत नाही असा समज होता, म्हणून तो दारातूनच दिसेल एवढा मोठा काढत. रंग विटला, तोंड गेले, तरी खांद्यावरचे ओझे आणि वाकलेली काठी यांवरून तो ओळखू येतो. यमुना ओलांडणारा वसुदेव आपल्याला जसा ओळखू येतो तसाच. फक्त आपला टोपलीवाला.

याच देशातले यॉर्कशरमधले पिकरिंगचे चर्च मात्र वेगळा धडा देते. तिथली पंधराव्या शतकातली चित्रे १८५२ मध्ये सापडली. तिथल्या पाद्रीबुवांना ती भक्तांचे लक्ष उडवतात असे वाटले आणि त्यांनी पुन्हा चुना मारला. पुढे ती परत उघडी केली ती पुष्कळ रंगरंगोटी करूनच. आज ती भिंतीवर ठसठशीत दिसतात आणि कोणती रेघ पंधराव्या शतकाची, कोणती एकोणिसाव्या, हा संशय पाहणाऱ्याला सोडत नाही. खरोशात कोणी हौशीने नाकडोळे बसवले नाहीत याबद्दल मला बरेच वाटते. होट्टलला राज्य पुरातत्त्व विभागाने ढासळलेले देऊळ पुन्हा उभे केले ते योग्यच झाले, कारण रचलेली वास्तू पडली तर दगड रचूनच वाचवता येते. कोरलेल्या लेण्याला रचणे नाही. त्याला फक्त पाणी आत येऊ न देणे आणि माणसांना चाकू आत आणू न देणे, एवढेच लागते. दगड मऊ असल्याचा फायदा शिल्पकारांनी घेतला तसा तो नंतरच्या प्रेमवीरांनीही घेतला आहे. बदामात कोरलेल्या अक्षरांचे वळण शिल्पांहून स्पष्ट आहे, कारण त्यांना अजून पावसाळे कमी मिळाले आहेत.

ही लेणी कोणी खोदवली याची चर्चा निघाली की लोक लगेच राष्ट्रकूटांकडे जातात. मोह समजण्यासारखा आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत आणि ते लट्टलूर म्हणजे लातूर असे पुष्कळ अभ्यासक मानतात. त्यांच्यातल्याच पहिल्या कृष्णाने, आठव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात, वेरूळचा कैलास उभा केला. इकडे कंधारला तिसऱ्या कृष्णाच्या काळचा शिलालेख आहे, जगत्तुंगसमुद्र नावाचा तलाव आहे. म्हणजे लातूर ते नांदेड हा सगळा मुलूख त्या घराण्याच्या पायाखालचा. पण घराण्याचे नाव लातूरशी जोडले गेले आणि लेणी लातूरजवळ आहेत, एवढ्यावरून नाते जुळवणे ही पत्रिका न पाहता ठरवलेली सोयरीक आहे. सहाव्या-सातव्या शतकाचा काळ खरा निघाला तर राष्ट्रकूटांचा उदय त्यानंतरचा. तेव्हा बादामीच्या चालुक्यांचे नाव घ्यावे लागेल, नाही तर कुणा स्थानिक मांडलिकाचे. मला यात निकालाची घाई नाही.

कंधारचे नाव निघालेच आहे तर तिथला क्षेत्रपाल आठवतो. एका अवाढव्य मूर्तीचे सुटे तुकडे तिथे सापडले आहेत. त्यांतले पाऊल पाहताना डोळे आपोआप वर जातात आणि आभाळात उरलेला देह चढवू लागतात. खरोशापेक्षा हा प्रकार निराळा आहे. कंधारला एका अवयवावरून देह कल्पावा लागतो, तर खरोशात देह आहे आणि त्याची कातडी कल्पावी लागते. मराठवाड्यात फिरणाऱ्याला दोन्ही जमायला हवे. सावध एवढेच राहायचे की कल्पनेने भरलेला भाग हळूहळू आठवणीत ‘पाहिलेला’ होऊन बसतो. मी खरोशाची छायाचित्रे घरी पाहतो तेव्हा पार्वतीच्या हाताची बोटे शोधतो आणि ती सापडत नाहीत, पण पुढच्या खेपेला पुन्हा शोधतो.

कार्तिकेयाकडे सहसा कोणी थांबत नाही. पुढच्या काळात महाराष्ट्रातल्या बायकांनी त्याचे दर्शन टाळले, त्याची देवळेही थोडी राहिली. या भिंतीवर मात्र तो आई-बापांच्या जवळच्याच लेण्यांत, घरातला मुलगा म्हणून हजर आहे. शैव कुटुंब इथे पूर्ण आहे, हे जाताजाता नोंदवायला हवे. टेकडीवर रेणुकादेवीचे देऊळ आहे, जवळच मशीद आहे. वर येणाऱ्यांतले निम्मेअधिक लोक लेण्यांसाठी येत नाहीत, पण उन्हाला टेकायला लेण्यांतच बसतात, डबे सोडतात, पोरांना भिंतीवरचे दाखवतात. संग्रहालयातल्या शांततेची सवय असणाऱ्यांना हा गलका खुपेल. पण हनुमान की कृष्ण हा वाद तिथे काचेआड झाला नसता.

खरोसा पाहून झाल्यावर औशाकडे लगेच मागे फिरू नये. त्याच रस्त्याने पुढे निलंगा आहे आणि निलंग्याला नीलकंठेश्वराचे देऊळ. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले, बाराव्या शतकाच्या आगेमागे बांधलेले, तीन गाभाऱ्यांचे. त्यांतल्या एका गाभाऱ्यात हर-गौरी आहेत, तेच जोडपे, काही शतकांनी. शिव बसलेला, पार्वती त्याच्या डाव्या मांडीवर. इथे ती पूजेची मूर्ती आहे, त्यामुळे फुले, हळदकुंकू, समोर निरांजन. खाली रावण नाही. डोंगर हलवणारे कोणी नाही, म्हणून धरायचे काही कारण नाही. गौरी नवऱ्याच्या मांडीवर ऐसपैस, पाहणाऱ्याकडे तोंड करून बसली आहे. खरोशाचा कारागीर प्रसंग कोरत होता, निलंग्याचा कारागीर दर्शन घडवत होता, आणि या दोन कामांना हातांची ठेवणही वेगळी लागते: एकीचा हात आधारासाठी गेलेला, दुसरीचा नुसता खांद्यावर टाकलेला. भाविक म्हणून कुणापुढे उभे राहायचे असेल तर निलंगा बरे. मला विचाराल तर बिलगलेली पार्वती जास्त जवळची वाटते. निलंग्याच्या गौरीला माझ्याकडे बघावे लागते, खरोशाच्या पार्वतीला त्या क्षणी मी तिथे आहे याचा पत्ताही नाही.